कौलात नसलेलं नाव

"बांगड्यासाठी जागा बघितली आहे," असं सिद्धेश फोनवर म्हणाला तेव्हा मी कोल्हापुरातल्या माझ्या स्वयंपाकघरात घावन उलटत होते आणि बांगडो नेहमीसारखा माझ्या पायात आडवा पडला होता. बांगडो माझा कुत्रा. आचऱ्याच्या खाडीवर कुणाच्या तरी टोपलीतला बांगडा पळवून तो माझ्या मागून घरापर्यंत आला, मासा संपला तरी गेला नाही, म्हणून हे नाव. कोल्हापुरातले लोक त्याला बांगडा म्हणतात आणि हसतात. सिद्धेश माझा एकुलता एक मुलगा, पुण्याला असतो. तो सांगत होता की मुळशीकडे एक छान जागा आहे, मोकळं मैदान, वेळेवर खाणं, डॉक्टर दर आठवड्याला येऊन बघून जातो, शिवाय मी पुण्याला त्याच्याकडे राहायला आले की आपण सुट्टीच्या दिवशी भेटायला जाऊ शकतो. घावन करपलं. आणखी काही वर्षांनी हा मुलगा त्याच्या बायकोला, पूजाला, हीच वाक्यं एकही शब्द न बदलता माझ्याबद्दल ऐकवेल, हे मला इतकं स्वच्छ दिसलं की मी आधी गॅस बंद केला. मग म्हटलं, "मी पुण्याला येते असं तुला कुणी सांगितलं?" तो मऊ आवाजात म्हणाला, "आई, हे मी ठरवलेलं नाही. मे महिन्यात आचऱ्याला गेलो होतो ना, तेव्हा देवळात कौल लावला. उजवा दिला देवानं."

माझा मुलगा मनगटावर झोप मोजणारं घड्याळ घालतो आणि आईला कुठे ठेवायचं ते देवाला विचारतो, यात त्याला काही विसंगत वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. आमच्याकडे हे असंच चालतं. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, घरचा माणूस मनातली गोष्ट सांगतो, गुरव ती गाऱ्हाण्यात घालून मोठ्यानं देवापुढे मांडतो, आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा पडलेला कौल कुणी मोडत नाही. माझं लग्न असंच ठरलं, नवऱ्यानं कोल्हापूरची बदली घेतली ती अशीच, आणि त्याच्या ऑपरेशनच्या वेळीही दिराला आधी देवळात पाठवलं होतं. तेव्हा मी सिद्धेशला फक्त एवढंच विचारलं की गाऱ्हाण्यात काय घातलं. "आईला पुण्याला नेऊ का, असं." बांगड्याचं नाव घेतलंस? तो हसला. "कुत्र्याचं नाव कोण घेतं गं गाऱ्हाण्यात?" त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी जामसंड्याची, लग्न होऊन आचऱ्यात आले, आणि ह्याच्यापेक्षा मला त्याचं गाव जास्त कळतं, हे कसं झालं ते देवच जाणे.

हे सगळं मला पुन्हा आठवत होतं ते रांगणा किल्ल्याच्या वाटेवर, पाठीवर पिशवी, अंगावर धो धो पाऊस आणि पुढे बांगड्याचं भिजून निम्मं झालेलं शेपूट. ओळखीच्या एका टेम्पोवाल्यानं पाटगावपर्यंत आणून सोडलं होतं, कारण एसटीत कुत्रा घेत नाहीत. तिथून चिक्केवाडी, मग किल्ला, रात्री किल्ल्यावरच्या देवळात मुक्काम, दुसऱ्या दिवशी कोकणाच्या अंगानं नारूरला उतरायचं आणि तिथून आचऱ्याला जायचं. गाडी करून घाटानं सरळ जाता आलं असतं. पण सिद्धेशचं म्हणणं होतं की मी आता एकटी राहण्याजोगी उरले नाही. जानेवारीत मी न्हाणीघराच्या दारात पडले, बांगड्यात पाय अडकून पडले हे खरंच आहे, मी नाकारत नाही. तो भुंकला असता, शेजारी धावले असते, तर पेपरात फोटो आला असता. त्यानं तसलं काही केलं नाही. माझ्या कुशीला येऊन झोपला, आणि कामवाली येईपर्यंत आम्ही दोघं फरशीवर पडून होतो. तेव्हापासून माझ्या गुडघ्यांवर माझ्यापेक्षा इतरांचाच हक्क जास्त. नवरा गेल्यावर मी निवृत्त लोकांच्या एका गटाबरोबर दर पावसाळ्यात डोंगर चढते, पोस्टात नोकरी करून बसून बसून गेलेली कंबर तिथेच सरळ झाली, पण हे कुणी धरत नाही. म्हणून मी स्वतःशी ठरवलं होतं. डोंगर चालून उतरायचा, देवळात जायचं, आणि प्रश्न नीट, सगळ्यांची नावं घेऊन, पुन्हा विचारायचा. वाटेत कुठूनही सिद्धेशला 'ये, मला घेऊन जा' असा फोन करावा लागला तर निमूटपणे पुण्याला जायचं आणि बांगड्याला मुळशीला पाठवायचं. ही पैज त्याला माहीत नव्हती. बांगड्यालाही नव्हती, तो आपला प्रत्येक दगडाला पाय वर करत चालला होता.

डोंगरात पाऊस पडतो तेव्हा त्याचा आवाज एकच राहत नाही. पानांवर वेगळा, टोपीवर वेगळा, पिशवीच्या प्लॅस्टिकवर तिसराच, आणि या सगळ्यांच्या खालून माझ्या श्वासाचा. मला तो श्वास आवडत होता. घरात मला माझा श्वास ऐकू येत नाही, तिथे टीव्ही असतो, लिफ्टचं दार असतं, खालच्या मजल्यावरच्या बाईचा मिक्सर असतो. इथे मी एक म्हातारी, बुटात पाणी, बोटं पांढरी फटक पडलेली, आणि तरीही माझा एक पाय उचलला की दुसरा आपोआप पुढे येत होता. मला कुणाला तरी शिवी द्यावीशी वाटली. कुणाला ते कळेना, म्हणून चिखलाला दिली. धुकं इतकं दाट होतं की बांगडो चार पावलं पुढे गेला की नाहीसा व्हायचा, आणि मग परत येऊन माझ्याकडे अशा तोंडानं बघायचा की उशीर मीच करते आहे. त्याच्या कानाच्या आत जळवा लागल्या होत्या. मी एका झाडाखाली बसून डबीतलं मीठ चिमटीनं लावत एकेक सोडवली. रक्त आलं. त्यानं मान माझ्या मांडीवर टाकली आणि डोळे मिटले. मुळशीचा तो डॉक्टर आठवड्याला येतो म्हणे. जळवा आठवड्याची वाट बघत नाहीत.

किल्ल्यावरच्या देवळात कोल्हापूरची कॉलेजची पोरं आधीच येऊन बसली होती, ओले कपडे दोरीवर आणि मॅगीचा वास. त्यातली अपेक्षा नावाची मुलगी धिटाईनं पुढे आली, माझी पिशवी उतरवायला मदत केली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही एकट्या आलात?" मी म्हटलं, "दोघं आहोत." तिनं मागे बघितलं, मग खाली बघितलं आणि हसली. त्यांचा म्होरक्या ओंकार मात्र हसला नाही. त्याच्या अंगावर खिसेच खिसे असलेलं जाकीट होतं. "नारूरच्या बाजूनं उतरणार? कुत्रा घेऊन? काकू, खाली ओहोळ फुगलेले असतील. कुत्रा इथेच चिक्केवाडीत कुणाकडे तरी सोडा, नंतर मागवून घ्या." मी त्याला विचारलं, "तुझी आई कुठे असते?" तो गोंधळला. "गडहिंग्लजला." "मग तिला कधी मागवून घेणार आहेस?" अपेक्षानं तोंड फिरवून हसू दाबलं. बोलून झाल्यावर मला वाईट वाटलं, त्या पोराचं काय चुकलं होतं, त्यानं चांगल्या मनानंच सांगितलं होतं. पण गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यांनीच चांगल्या मनानं सांगितलं आहे, आणि माझ्याकडे आता चांगल्या मनासाठी जागा उरलेली नाही. त्यांनी दिलेली मॅगी मी खाल्ली, बांगड्यानंही खाल्ली.

तेवढ्यात फोनला रेंज आली आणि तो वाजला. "आई, कुठे आहेस तू? शेजारच्या काकू म्हणाल्या कुलूप आहे." रांगण्यावर, मी म्हटलं. "तिथे काय करतेस?" "भिजते." तो रागावला असता तर बरं झालं असतं, पण त्याचा आवाज घाबरलेला होता, लहानपणी अंधारात पाणी प्यायला उठायचा तेव्हासारखा. "मी गाडी घेऊन येतो, सांग कुठून वर येता येतं." मी सांगितलं असतं. गुडघा तेव्हा खरोखर ठणकत होता आणि उद्याची उतरण मला वरून काळीशार दिसली होती. पण मी म्हटलं, "आचऱ्याला ये. उद्या देवळात. मी कौल लावणार आहे." "कौल लागलाय, आई." "अर्धाच लागलाय." त्यावर तो काय म्हणाला ते रेंजनं खाल्लं.

अर्धा का, हे त्याला कसं सांगायचं. तो गावपळणीत कधी राहिलाच नाही, दर वेळी शाळा होती, परीक्षा होती. आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी एकदा देवाच्या हुकमानं सगळं गाव उठतं आणि वेशीबाहेर रानात खोपी बांधून राहतं. चुलीत विस्तव ठेवायचा नाही, गोठ्यात गुरं ठेवायची नाहीत, गावात जिवंत म्हणून काही मागे सोडायचं नाही. मी तेव्हा नवी नवरी, जामसंड्याला असलं काही नव्हतं, मला वाटलं हे लोक वेडे आहेत. सासू, काशीबाई, एका काखेत कोंबडी, दुसऱ्या हातात मांजराची पिशवी घेऊन वेशीवर उभी राहिली आणि झिलांपासून, म्हणजे मुलांपासून, घर मोजायला लागली. "दोन झिल, दोन गायी, मांजर, कोंबडी, कुत्रो," आणि मग माझ्याकडे बघून, "आनि ही नयी." मला कुत्र्याच्या नंतर मोजलं याचा मला कित्येक वर्षं राग होता. त्या कुत्र्याचा पाय गाडीखाली आला होता, त्याला चालता येत नव्हतं, सासऱ्यांनी म्हटलं की ठेव तेका पडवीत, तीन दिसात काय्येक होवचा नाय. सासू म्हणाली, "मगे माकाय ठेवा," म्हणजे मग मलाही इथेच सोडा. कुत्र्याला गोणपाटात घालून दिरानं खांद्यावर आणलं. ती काही मायाळू बाई नव्हती. मला तिनं आयुष्यात एक गोड शब्द दिला नाही. पण घर म्हणजे कोण हे तिला पाठ होतं, आणि तिच्या नातवाला ते ठाऊक नाही, त्याला वाटतं घर म्हणजे माणसं आणि बाकीच्यांची सोय.

सकाळी नारूरची उतरण सुरू झाली. रान इतकं गच्च की दिवस उजाडला आहे की नाही याची शंका यावी. मी बसून, घसरून, मुळं धरून उतरत होते, आणि बांगडो पुढे उतरून वर बघत थांबत होता. मध्यावर ओहोळ लागला. ओंकार म्हणाला होता तसाच फुगलेला, लालभडक, मधूनच एखादी फांदी घेऊन जाणारा. बांगड्यानं पुढचे दोन पाय पाण्यात घातले, प्रवाहानं ते फिरवले, तो मागे सरला आणि माझ्या पायांमागे येऊन उभा राहिला. मी बसले. डोंगरातला ओहोळ फुगतो तसा उतरतोही, पाऊस थांबायला हवा. पाऊस थांबेना. दगडावर बसून बसून माझं अंग थरथरायला लागलं, आणि मी मनात काय करते आहे ते माझ्या लक्षात आलं. मी विचारत होते. जाऊ की नको, जाऊ की नको, असं आत कुणाला तरी विचारत होते, आणि पानावरून पाणी कुठल्या बाजूला ओघळतं ते बघत होते. माझा सगळा जन्म असा गेला, कुणीतरी विचारायचं आणि कुठेतरी काहीतरी पडायचं. त्यातल्या एकाही गाऱ्हाण्यात माझं नाव नव्हतं. 'हेच्या घरातल्या माणसांका', 'हेच्या कुटुंबाक', 'हेच्या आवशीक', म्हणजे आईला. हे म्हणजे आधी माझा नवरा हरिश्चंद्र, आता सिद्धेश. बांगड्याचं नाव घेतलं नाही म्हणून मी इतकी भांडले, आणि माझं कधी कुणी घेतलं होतं? मला रडू आलं असतं, पण त्याऐवजी इतका संताप आला की थंडी गेली. या रानात विचारायला कुणी नव्हतं. हे मला एकदम फार बरं वाटलं.

पाऊस उणावला. पाणी एका बाजूच्या दगडावरून उतरलं, ओली रेघ दिसायला लागली, मग दुसरा दगड वर आला. मी घाई केली नाही. पाणी गुडघ्याखाली येईल असं वाटेपर्यंत बसले, भाकरीचा तुकडा त्याला दिला, एक मी खाल्ला. मग पिशवी रिकामी केली. तंबू, गॅसची शेगडी, सिद्धेशनंच वाढदिवसाला दिलेली महागाची झोपायची पिशवी, सगळं झाडाच्या बेचक्यात कोंबलं आणि बांगड्याला शेपटीकडून रिकाम्या पिशवीत घातलं. त्यानं तक्रार केली नाही, पण पाठीवर घेतल्यावर माझ्या कानात इतक्या जोरानं धापा टाकायला लागला की मला पाण्याचा आवाज ऐकू येईना. काठी आधी टेकायची, मग पाय. मधल्या दगडावर गुडघ्यानं दगा दिला, मी एका हातावर पडले, पाणी छातीपर्यंत उडालं, आणि बांगड्यानं माझ्या मानेत नखं रोवली. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण हाक मारली नव्हती, ना मुलाला, ना देवाला. पलीकडे जाऊन मी चिखलात पालथी पडले आणि तो माझ्या डोक्यावरून पिशवीतून बाहेर पडला. खिशातला फोन बंद पडला होता. म्हणजे आता पैज हरायची सोयही राहिली नव्हती.

नारूरला लवू नावाचा रिक्षावाला भेटला. आचऱ्यापर्यंत जायला आधी नाही म्हणाला, मग माझा अवतार बघून हो म्हणाला. "कुत्र्याक पन घेवचा?" मी म्हटलं, त्याला आधी घे. वाटेत त्यानं सगळं काढून घेतलं, कोकणातल्या रिक्षावाल्यापासून काही लपवता येत नाही. "म्हंजे झिलाक देवान उजवो दिल्यान आनि तुमी परत इचारूक चलल्यात?" तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "काकी, रागवा नको, पन दिल्लो कौल कोन मोडना नाय. माज्या मावशीन मोडल्यान, वर्सभर घरात आजारपन." मला भीती वाटली, का नाही वाटणार. ज्या कौलाविरुद्ध मी निघाले होते त्याच्यावर माझा विश्वास आहे. नसता तर कोल्हापुरातच बसून राहिले असते.

देवळात पोचले तेव्हा सिद्धेश आधीच आला होता. पायरीवर उभा, कोरडा, हातात माझ्यासाठी टॉवेल. माझ्या मानेवरचे ओरखडे बघून त्याचा चेहरा उतरला, आणि त्यानं टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. मी तो काढून बांगड्याच्या अंगावर टाकला. बांगड्याला पायरीवर बसवून आत गेले. बाबली गुरव म्हातारा झाला आहे, त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खंयसून इलंस गो अशी?"

"डोंगरातसून."

"तुज्या झिलान कौल लावल्यान मे म्हयन्यात. उजवो पडलो. परत कित्याक?"

"तेनी अर्दाच इचारल्यान. तुमी पाकळ्यो लावा."

सिद्धेश माझ्या मागे येऊन हळू आवाजात म्हणाला, "आई, ठीक आहे. लाव कौल. पण या वेळी जो पडेल तो ऐकायचा. कबूल?" बाबलीनं ताम्हनातल्या पाण्यात पाकळ्या बुडवल्या, देवाच्या अंगावर लावल्या आणि हात जोडून माझ्याकडे मान वळवली. काय विचारू, असं तो नुसत्या भुवयांनी म्हणाला. डोंगर उतरताना मी सगळं जुळवून ठेवलं होतं, नावं, क्रम, सगळं. देवळात धुपाचा वास होता, बाहेर पागोळ्या गळत होत्या. पाकळ्या ओल्या होत्या, आता नाही तर मग पडणारच होत्या. मी पुढे झाले आणि गुरवाला बाजूला सारून स्वतःच बोलायला लागले, बायकांनी तिथे असं कधी बोललेलं मी बघितलं नाही.

"देवा म्हाराजा, मी किशोरी. हरिश्चंद्राची बायल न्हय, सिद्धेशची आवस न्हय, किशोरी. मी इचारूक येवक नाय. सांगूक इलंय. मी आनि माजो कुत्रो, आमी दोगांय एकत्र रवतलंव, एका घरात. खंय रवतलंव ता मी ठरयतलंय. तुका कळवलंय."

"अशा देवाक सांगूचा नसता गो," बाबली पुटपुटला. "इचारूचा असता."

"आजवर तुमीच इचारलात, बाबलीनू. माज्याबद्दल, माका सोडून." माझा आवाज चढला नव्हता, पण तो सभामंडपात फिरून परत आला. मी खाली वाकून नमस्कार केला, मनापासून केला, आणि वळले.

"आई, थांब," सिद्धेश म्हणाला. त्याचे डोळे गाभाऱ्याकडे लागले होते. "पाकळी सुटतेय. बघ तरी."

"तू बघ," मी म्हटलं.

बाहेर बांगडो टॉवेलवर झोपला होता. माझी चाहूल लागल्यावर उठला, अंग झाडलं, आणि आम्ही दोघं पायऱ्या उतरून पावसात चालायला लागलो. गुडघा दुखत होता. थोड्या वेळानं मागून सिद्धेशच्या चपला चिखलात वाजत जवळ आल्या आणि त्यानं माझ्या पाठीवरची रिकामी पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. तो कौल बघून आला की न बघता, ते मी त्याला विचारलं नाही.